होंडा सिव्हिक हायब्रिडचे प्रकरण: तडजोडीत राहावे की एकट्याने दावा लावावा?

१ फेब्रुवारी २०१२ रोजी कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथील स्मॉल क्लेम्स न्यायालयाने, म्हणजे लहान रकमांचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाने, अमेरिकन होंडा मोटर कंपनीला लॉस एंजेलिसमधील एका महिला ग्राहकास ९,८६७ डॉलर देण्याचा आदेश दिला. तक्रार पेट्रोल इंजिन आणि बॅटरी या दोहोंवर चालणाऱ्या सिव्हिक हायब्रिड गाडीच्या मायलेजची होती. याच मायलेजवरून कंपनीविरुद्ध सामूहिक दावाही, म्हणजे अशा सर्व मालकांच्या गटाच्या वतीने लावलेला एकच दावा, चालू होता आणि त्यातील तडजोड सॅन डिएगोच्या न्यायालयात अंतिम मंजुरीची वाट पाहत होती. त्या तडजोडीप्रमाणे इतर मालकांना रोख १०० ते २०० डॉलर आणि नवी होंडा घेताना वापरावयाचे सवलतीचे कूपन मिळणार होते. एकीकडे शंभर-दोनशे आणि दुसरीकडे जवळजवळ दहा हजार, या तफावतीमुळे निकालाची बातमी जगभर पोहोचली. तीन महिन्यांनंतर अपिलात हा आदेश रद्द झाला आणि त्या महिलेच्या हाती काहीच उरले नाही, ही बातमी मात्र पुष्कळ कमी लोकांनी वाचली. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या टपालात आणि ई-मेलमध्ये अशा तडजोडींच्या नोटिसा वरचेवर येत असतात. त्यांचे काय करायचे हे ठरवताना या प्रकरणाचा फक्त पूर्वार्ध डोळ्यांपुढे असेल, तर निर्णय चुकण्याचीच शक्यता अधिक आहे.

वादाचे मूळ असे होते. २००६ सालच्या सिव्हिक हायब्रिडसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज शहरात गॅलनला ४९ मैल आणि महामार्गावर ५१ मैल असा होता, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला सुमारे २१ किलोमीटर. कंपनीच्या जाहिरातीही याच आकड्याभोवती फिरत होत्या. या महिलेचे म्हणणे असे की, तिच्या गाडीने पन्नासचा आकडा कधीच गाठला नाही आणि पुढे बॅटरी थकू लागल्यावर मायलेज गॅलनला ३० मैलांपर्यंत, म्हणजे लिटरला १३ किलोमीटरच्याही खाली, उतरले. या घसरणीला एक वेगळे कारणही होते. २०१० मध्ये कंपनीने २००६ ते २००८ या वर्षांच्या गाड्यांसाठी बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून सॉफ्टवेअरमध्ये बदल केला. या बदलानंतर बॅटरीचा वापर कमी झाला आणि इंजिनावरचा भार वाढला, अशी अनेक मालकांची तक्रार होती.

येथे एक तपशील नीट लक्षात ठेवावा लागतो. पर्यावरण संरक्षण संस्थेने मायलेज मोजण्याची आपली पद्धतच २००८ च्या मॉडेलपासून बदलली, आणि नव्या पद्धतीने जुन्या गाड्यांचे आकडे पुन्हा काढले तेव्हा २००६ च्या सिव्हिक हायब्रिडचा एकत्रित अंदाज ५० वरून ४२ वर आला. म्हणजे ५० हा आकडा कंपनीने स्वतः शोधून काढलेला नव्हता. सरकारी चाचणीतून निघालेला आणि सरकारी नियमांनुसारच जाहिरातीत वापरावा लागणारा तो आकडा होता. तक्रारीचे त्यामुळे दोन तुकडे पडतात. पन्नास आणि बेचाळीस यांच्यातील फरकाचा दोष कंपनीच्या माथी मारता येतो का, हा कायद्याचा प्रश्न आहे. बेचाळीसपासून तीसपर्यंतची घसरण मात्र त्या एका गाडीच्या बॅटरीचा, सॉफ्टवेअरचा आणि पेट्रोलच्या पावत्यांचा प्रश्न आहे.

या दोन तुकड्यांचे वजनही सारखे नाही. वर्षाला १२,००० मैल गाडी चालते आणि गॅलनचा भाव ३.५० डॉलर आहे असे धरू. पन्नासच्या मायलेजला २४० गॅलन लागतील, बेचाळीसला सुमारे २८६ आणि तीसला ४००. पहिल्या फरकाची किंमत वर्षाला साधारण १६० डॉलर होते, दुसऱ्याची सुमारे ४०० डॉलर. हा हिशेब केवळ नमुन्याचा आहे, परंतु तो केल्यावर एक गोष्ट दिसते: पाच वर्षे पूर्ण फरक धरला तरी इंधनाचा जादा खर्च तीन हजार डॉलरच्या आतच राहतो. दहा हजारांजवळ पोहोचायचे तर गाडीची घटलेली किंमतही मागावी लागते, आणि ती मागायची तर आपल्याला ही गाडी फसवून विकली गेली हे सिद्ध करावे लागते. मोठ्या रकमेची मागणी अशा रीतीने पहिल्या, म्हणजे कमकुवत तुकड्यावर अवलंबून राहिली. माझ्या मते या प्रकरणाची खरी नस येथे आहे.

आता सामूहिक दाव्याकडे वळू. तो प्रथम फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयात दाखल झाला होता आणि तेथील पहिली तडजोड न्यायाधीशांनी २०१० मध्येच नामंजूर केली होती. इंधन वाचवून गाडी कशी चालवावी हे शिकवणारी डीव्हीडी आणि नव्या गाडीवरील सवलत, एवढाच त्या तडजोडीचा बहुतेक ग्राहकांसाठीचा ऐवज होता. मायलेज मिळत नाही म्हणून तक्रार करणाऱ्याला गाडी चालवण्याचे धडे देणारी ही डीव्हीडी ज्याच्या कल्पनेतून निघाली, त्याच्या धाडसाला दाद द्यावी लागेल. नंतर दुसरी तडजोड झाली आणि ती सॅन डिएगोच्या राज्य न्यायालयापुढे मांडली गेली. तिच्यात २००३ ते २००९ या वर्षांच्या सिव्हिक हायब्रिडचे मालक येत होते, रोख रकमेची भर पडली होती, आणि ग्राहकांच्या वकिलांची फी सुमारे ८५ लाख डॉलर ठरली होती. २००५ च्या फेडरल कायद्याप्रमाणे कूपन देणाऱ्या तडजोडीत वकिलांची फी, जेथे ती कूपनच्या मूल्यावर आधारलेली असते तेथे, प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या कूपनांच्या मूल्यावरून काढावी लागते. ही तरतूद फेडरल न्यायालयांसाठी आहे. राज्य न्यायालयाला ती बांधत नाही.

अशा तडजोडीची नोटीस हाती पडते तेव्हा तिच्यात बहुधा चार वाटा असतात. अर्ज भरून आपला वाटा घ्यावा, गटात राहून तडजोडीला न्यायालयात हरकत घ्यावी, मुदतीत लेखी कळवून गटातून बाहेर पडावे, किंवा काहीच करू नये. अमेरिकेत अशा नुकसानभरपाईच्या दाव्यात गटात असण्यासाठी कोणाची संमती लागत नाही. जो बाहेर पडत नाही तो आत असतो. तडजोडीला मंजुरी मिळाली की आत राहिलेल्या प्रत्येकाची हक्कसोड होते, म्हणजे त्याच कारणावरून त्या कंपनीविरुद्ध पुन्हा दावा लावण्याचा अधिकार संपतो. अर्ज न भरणाऱ्याचाही तो संपतो, आणि जेथे अर्जाशिवाय पैसे मिळत नाहीत तेथे तो पैशालाही मुकतो. नोटीस कचऱ्याच्या टोपलीत टाकणे ही त्यामुळे सर्वांत महाग वाट ठरते, आणि बहुतेक लोक नेमकी तीच धरतात.

या महिलेने बाहेर पडण्याची वाट धरली आणि स्मॉल क्लेम्स न्यायालयात स्वतंत्र दावा लावला. कॅलिफोर्नियातील या न्यायालयाची रचना सामान्य माणसाला परवडेल अशी आहे. दाव्याच्या रकमेप्रमाणे शुल्क ३० ते ७५ डॉलर असते, अर्ज छापील नमुन्यावर भरायचा असतो, त्याआधी सामनेवाल्याकडे पैशांची मागणी केलेली असावी लागते, आणि मूळ सुनावणीत कोणत्याही बाजूला वकील उभा करता येत नाही. कंपनीलाही आपला एखादा कर्मचारीच पाठवावा लागतो. होंडातर्फेही तांत्रिक विभागातील कर्मचारी उभा राहिला. व्यक्तीला मागता येणारी कमाल रक्कम १ जानेवारी २०१२ पासून ७,५०० वरून १०,००० डॉलर झाली होती आणि सुनावणी त्याच महिन्यात झाली. अमेरिकन होंडाचे मुख्यालय टॉरन्समध्येच असल्याने कंपनीला दूरवरून कोणाला पाठवावे लागले असेही नाही.

या कथेतील एक गोष्ट बातम्यांत आली खरी, पण वाचकांच्या मनात तिची नोंद पुरेशी झाली नाही. दावा लावणारी ही महिला पूर्वाश्रमीची वकील होती. तिने अनेक वर्षांपूर्वी वकिली सोडली होती आणि सनद निष्क्रिय ठेवली होती, त्यामुळे ती स्वतःच्या दाव्यात पक्षकार म्हणून उभी राहिली, आणि ते पूर्णपणे नियमात बसणारे होते. पण जाहिराती, सरकारी आकडे, सॉफ्टवेअर बदलाची कागदपत्रे आणि नुकसानीचा हिशेब यांची एका सूत्रात मांडणी करणे हे तिच्या अंगवळणी पडलेले काम होते. वकिलाशिवाय हे करता येते, असे या प्रकरणाचा दाखला देऊन सांगणाऱ्याने एवढी पुस्ती जोडायला हवी.

मूळ निकाल देणाऱ्या न्यायिक आयुक्तांनी तब्बल २६ पानांचा निर्णय लिहिला. स्मॉल क्लेम्समध्ये निकाल सहसा एका पानाच्या नमुन्यावर येतो, हे पाहता हा विस्तार विलक्षणच होता. जाहिरातीतील दाव्यांमुळे ग्राहकाची दिशाभूल झाली असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि कमाल मर्यादेच्या जवळ जाणारी रक्कम मंजूर केली. या महिलेने आधीच एक संकेतस्थळ उघडून इतर मालकांनाही गटातून बाहेर पडून स्वतंत्र दावे लावण्याचे आवाहन केले होते. गटातील मालकांची संख्या त्या वेळी सुमारे २ लाख सांगितली जात होती. सर्वांनी बाहेर पडून प्रत्येकी दहा हजार डॉलर मिळवले तर रक्कम २०० कोटी डॉलर होते, हे गणित वृत्तपत्रांना फार आवडले. मात्र स्मॉल क्लेम्सचा निकाल हा पूर्वनिर्णय म्हणून कोणाही दुसऱ्या न्यायालयाला बांधत नाही. शेजारच्या गावातील न्यायालय त्याच पुराव्यावर उलट निकाल देऊ शकते. दोन लाख गुणिले दहा हजार या हिशेबाला त्यामुळे फारसा आधार नव्हता.

या न्यायालयाच्या नियमांत एक असमतोल आहे. दावा लावणाऱ्याला हरल्यास अपील नाही, कारण हे न्यायालय त्याने स्वतः निवडलेले असते. सामनेवाल्याला मात्र ३० दिवसांच्या आत अपील करता येते. हे अपील म्हणजे खालच्या निकालातील चुका तपासणे नव्हे, तर वरिष्ठ न्यायालयातील न्यायाधीशापुढे संपूर्ण वादाची नव्याने सुनावणी असते, आणि तेथे वकील चालतो. पहिल्या फेरीत जिंकलेल्या ग्राहकाला दुसऱ्या फेरीत अगदी शून्यापासून आरंभ करावा लागतो, तोही आता कंपनीच्या वकिलांसमोर. होंडाने अपील केले. मे २०१२ मध्ये लॉस एंजेलिस सुपीरियर कोर्टाच्या न्यायाधीशांनी आदेश फिरवला. मायलेजचे आकडे आणि त्यांची जाहिरात यांचे नियमन फेडरल कायद्याने होते, ते आकडे गाड्यांची आपसात तुलना करण्यासाठी असतात व चालकागणिक प्रत्यक्ष मायलेज वेगळे येऊ शकते, आणि जाहिरातीतील घोषणा म्हणजे ठोस वचन नव्हे, असा त्या निर्णयाचा मुख्य आधार होता. दाव्यातील कमकुवत तुकडा कोसळला आणि त्याच्याबरोबर सगळा दावा गेला. कॅलिफोर्नियात स्मॉल क्लेम्सच्या अपिलावरील निर्णय अंतिम असतो, त्यामुळे तेथेच वाद मिटला.

या निर्णयाबद्दल मला त्या महिलेविषयी सहानुभूती वाटते, तरी आश्चर्य वाटत नाही. एखाद्या दुकानदाराने अनामत रक्कम परत केली नाही, गॅरेजने काम न करता पैसे घेतले, विमान कंपनीने सामान हरवले, असे जे वाद आहेत त्यांत काय घडले एवढाच प्रश्न असतो. पावती, फोटो आणि पत्रव्यवहार समोर ठेवला की न्यायाधीशाला पाऊण तासात निर्णय देता येतो आणि अपिलातही चित्र फारसे बदलत नाही. देशभरातील जाहिराती फेडरल नियमांच्या कक्षेत येतात का, हा प्रश्न त्या जातीचा नाही. तो मूळ सुनावणीत वकिलांच्या गैरहजेरीमुळे पुढे ढकलला जातो, आणि अपिलात पूर्ण ताकदीने परत येतो. ४२ वरून ३० वर झालेली घसरण, सॉफ्टवेअर बदलण्याची तारीख, त्याआधीच्या आणि नंतरच्या इंधनाच्या नोंदी, एवढ्यापुरताच दावा ठेवला असता तर रक्कम हजार-दोन हजार डॉलरची झाली असती आणि बातमीही झाली नसती. पण तो दावा अपिलात टिकण्याची शक्यता अधिक होती, असे मला वाटते.

तारखांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. स्मॉल क्लेम्सचा निकाल १ फेब्रुवारीला लागला आणि गटातून बाहेर पडण्याची मुदत ११ फेब्रुवारीला संपत होती. दहा हजारांची बातमी वाचून ज्यांनी त्या दहा दिवसांत बाहेर पडण्याचे पत्र पाठवले, त्यांच्यापुढे अर्धीच माहिती होती. मार्चमध्ये सॅन डिएगोच्या न्यायाधीशांनी तडजोडीला अंतिम मंजुरी दिली आणि मे महिन्यात अपिलाचा निकाल आला. तोपर्यंत गटाचे दार बंद झालेले होते. दावा लावण्याचा हक्क बाहेर पडलेल्यांकडे शाबूत होता, परंतु शंभर-दोनशे डॉलर आणि कूपन दोन्ही गेले होते आणि न्यायालयाचा कौल कोणीकडे जाऊ शकतो हेही स्पष्ट झाले होते. दरम्यान या महिलेने आपली सनद पुन्हा चालू करून इतर मालकांसाठी उभे राहण्याची तयारी केली होती.

म्हणून गटात राहणारे शहाणे ठरले, असेही मी म्हणणार नाही. ज्याला नवी होंडा घ्यायचीच नव्हती त्याला पाचशे-हजार डॉलरच्या कूपनाचा उपयोग नव्हता, आणि ज्याची बॅटरी खरोखर निकामी झाली होती व ज्याच्याकडे नोंदी होत्या त्याच्यासाठी दोनशे डॉलरच्या बदल्यात हक्कसोड करणे हा तोट्याचा व्यवहार होता. ज्याची गाडी ४३-४४ मैल देत होती आणि ज्याने पेट्रोलची एकही पावती जपली नव्हती, त्याने अर्ज भरून मिळेल ते घेणे यात गैर काहीच नव्हते. नोटीस दोघांना एकच येते, त्यांचे नुकसान मात्र एक नसते. गटातून बाहेर पडण्याचा विचार करणाऱ्याने तडजोडीतील रकमेकडे नंतर पाहावे. आधी आपल्या हातातील कागद मोजावेत आणि आपला दावा त्या कागदांवर उभा राहतो की कायद्याच्या एखाद्या वादग्रस्त मुद्द्यावर, हे तपासावे.

भारतात या दोन वाटांची ठेवण वेगळी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील कलम ३५ प्रमाणे समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक जणांना ग्राहक आयोगाच्या परवानगीने तक्रार दाखल करता येते. ही परवानगी सहज मिळत नाही. बंगळुरूच्या एका गृहप्रकल्पातील ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी १,१३४ सदनिकांच्या सर्व मालकांच्या वतीने तक्रार केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या या प्रकरणात, सर्वांचे हित समान असल्याचे तक्रारीत पुरेसे दाखवलेले नाही म्हणून ती प्रातिनिधिक तक्रार म्हणून चालणार नाही असे ठरवले, मात्र त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून ती पुढे चालवण्यास मुभा दिली. उलट, एकट्या तक्रारदाराची बाजू अपिलाच्या टप्प्यावर येथे कॅलिफोर्नियापेक्षा भक्कम आहे. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, पण ज्या सामनेवाल्याला पैसे देण्याचा आदेश झाला आहे त्याला त्या रकमेचा निम्मा भाग आधी जमा करावा लागतो, आणि तक्रारदार हरला तर त्यालाही अपिलाचा तोच हक्क आहे. पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तू वा सेवेच्या तक्रारीला शुल्कही नाही. वेळ मात्र लागतो, आणि तो किती लागेल हे कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

होंडाच्या प्रकरणानंतर कॅलिफोर्नियातील रकमेची मर्यादा आणखी वाढली. १ जानेवारी २०२४ पासून व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा करता येतो, मात्र २,५०० डॉलरवरील दावे एका वर्षात दोनच करता येतात. सामनेवाल्याला नव्याने सुनावणी मिळण्याचा आणि वादीला अपील नसण्याचा नियम जसाच्या तसा आहे.